तेरा पेट्यांसमोर

श्वास धरा आणि बुडी मारा. पाणी गार आहे, पायाखालची दगडी पायरी बुळबुळीत आहे आणि मागची रांग घाई करतेय. यरुशलेमेच्या मंदिरात जायचं तर आधी या कुंडात डोकं बुडेपर्यंत उतरावंच लागतं. वल्हांडणाचा सण दोन दिवसांवर आलाय. गालीलपासून, समुद्रापारहून माणसं लोटलीयेत, आणि त्या सगळ्यांच्या अंगाचा वास या पाण्याला आहे: घाम, ओली लोकर, जैतुनाचं तेल.

या बाहेर. वस्त्र ओढून घ्या, पण वहाणा राहू द्या. काठीही नको. वर चढताना पायाला धूळ नको आणि कमरेला पैशांचा कसाही नको, असा इथला नेम आहे. नाणी नुसती मुठीत धरा.

पायऱ्या एक रुंद, एक अरुंद अशा आहेत. धावत निघालात तर ठेच ठरलेली, म्हणून पाय बघत चढा. पुढं दुहेरी दरवाजा, त्याच्या आत काळोखी चढण, डोक्यावर कोरीव वेलबुट्टीचे घुमट. आणि एकदम उजेड! चुनखडीचे पांढरे दगड असे तळपतात की डोळे मिटावेच लागतात. मिटल्या डोळ्यांनी ऐका. कोकरं बें बें करतायत, कबुतरं पिंजऱ्यात फडफडतायत, कुणी हरवलेल्या पोराला हाका मारतंय, आणि या सगळ्याखाली नाण्यांचा अखंड खुळखुळाट चाललाय.

तो सराफांच्या मेजांवरून येतोय. मंदिराचा कर भरायचा तर तुमचा रोमी दीनार चालत नाही. सोर शहराची चांदी लागते. तिच्यावर एका बाजूला परक्या देवाचं मस्तक आहे, दुसऱ्या बाजूला गरुड, तरी देवाच्या घरात तीच घेतात, कारण तिची चांदी भरवशाची शुद्ध मानली जाते. प्रत्येक प्रौढ पुरुषामागं अर्धा शेकेल. सराफ तुमचं नाणं नखानं खरवडतो, तोलतो, वटणावळ कापतो. आज त्याचं लक्ष ठिकाणावर नाही. कालच गालीलच्या एका गुरूनं इथली मेजं उलथून टाकली होती आणि हा अजून दगडांच्या फटींतून नाणी उकरतोय.

पुढं छातीइतका दगडी कठडा लागतो. परक्यानं तो ओलांडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असा इशारा ग्रीक अक्षरांत कोरलाय. आजच्या दिवस तुम्ही इथले आहात, बिनधास्त चला. सोन्याचांदीनं मढवलेल्या दारातून आत आलात की स्त्रियांचं अंगण. नाव तसं असलं तरी पुरुषांचीही इथं दाटी आहे. बायकांना मात्र याच्या पुढं सहसा जाता येत नाही. पलीकडच्या वेदीवरून जळत्या चरबीचा धूर येतो, त्यात धुपाचा गोडवा आणि ताज्या रक्ताचा लोखंडी वास मिसळलेला. तो केसांत बसतो, जिभेवरही बसतो.

भिंतीकडं बघा. दानाच्या तेरा पेट्या आहेत, मेंढ्याच्या शिंगाच्या घडणीच्या. वर तोंड अरुंद, खाली पोट रुंद, म्हणजे टाकलेलं पुन्हा काढायला हात जात नाही. एक सरपणासाठी, एक धुपासाठी, पक्ष्यांच्या अर्पणासाठी वेगळ्या, सहा आपखुशीच्या दानाच्या. तलम वस्त्राचा एक गृहस्थ येतो, वाट आपोआप मोकळी होते. तो ओंजळ रिती करतो. चांदी त्या नळीतून गडगडत जाते आणि आसपासची डोकी वळतात. तुमचंही वळलं. लाज वाटून घेऊ नका. चांदीचा आवाज कानाला खरंच गोड लागतो.

पेट्यांसमोर बसलेल्या त्या माणसाकडंही बघा. काल मेजं उलथली ती यानंच. येशू निवांत बसलाय आणि कोण कसं टाकतं ते न्याहाळतोय. यरुशलेमेच्या वाटेवर एक धनवान माणूस याच्या पाया पडून सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारायला आला होता. असेल ते विकून गोरगरिबांना दे, असं ऐकल्यावर तो तोंड उतरवून निघून गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती.

आता तुमच्या कोपराला धक्का लागला. एक बाई तुमच्या खांद्याआडून वाट काढतेय. तिच्यासाठी गर्दी बाजूला होत नाही. वस्त्रावरून विधवा आहे हे कळतं, वय कळत नाही. मुठीत दोन टोल्या: नखाएवढ्या तांब्याच्या चकत्या, कधीकाळच्या राजानं पाडलेल्या, जहाजाच्या नांगराची खूण झिजून गेलेली. मजुराचा रोज एक दीनार; तशा दीनाराला या टोल्या एकशे अठ्ठावीस भरतात. बाजारात सगळ्यांत स्वस्त चिमण्या, आठ टोल्यांना दोन. म्हणजे तिच्या मुठीत एक चिमणीसुद्धा येत नाही.

तिला एक ठेवून एक टाकता आली असती, असं सारखं मनात येतं. ती दोन्ही टाकते. कान देऊनही तुम्हाला काही ऐकू येत नाही, कारण शेजारच्या पेटीत पुन्हा चांदी ओतली जातेय.

येशू शिष्यांना जवळ बोलावतो. सगळ्यांपेक्षा हिनं जास्त टाकलं, असं तो सांगतो. बाकीच्यांनी भरल्या घरातलं उरलेलं दिलं, हिनं पोटाला होतं ते दिलं. हिशेब उलटा झाला. पेटीत काय पडलं हे त्यानं मोजलंच नाही, देणाऱ्याच्या हातात मागं काय उरलं ते मोजलं. शिष्य गोंधळून पेट्यांकडं बघतायत. त्यांतली काही कोळ्यांची पोरं, जाळ्यात आलेले मासे मोजायची त्यांना सवय.

पण आणखी एक गोष्ट इथं उभं राहिल्यावरच अंगावर येते. थोड्याच वेळापूर्वी हाच माणूस लांब झगे मिरवणाऱ्या, लांबलचक प्रार्थना करणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडला होता. ते शब्द हवेत असतानाच ही बाई आली. म्हणून तिच्या दोन टोल्यांचं कौतुक सांगून गरिबाकडं झोळी पसरणाऱ्या प्रत्येकाला मी हात धरून इथं आणून उभं करीन. येशूनं तिला दे म्हटलं नव्हतं. तो शिष्यांशी बोलला, ज्यांना मोठ्या दानाचं अप्रूप होतं त्यांच्याशी. तिचं मन त्यानं ओळखलं, आणि तिची दशा झाकली नाही.

तुमच्या मुठीत अजून नाणी आहेत, आणि ती एकाएकी जड लागतायत. शिष्य बाहेर पडता पडता मंदिराचे चिरे बघून हरखलेत: केवढे दगड, केवढ्या इमारती! यातला दगडावर दगड राहायचा नाही, असं येशू म्हणतोय. पण तुम्ही ते नंतर ऐका. आधी तिला गाठा, ती दारातून बाहेर पडलीसुद्धा. आत येणाऱ्या लोंढ्याविरुद्ध खांदा घाला. कोकराचा पाय पोटात बसला तरी थांबू नका. करड्या वस्त्रातलं ते डोकं कठड्यापाशी दिसलं, पुन्हा गर्दीत गेलं. तिचं नाव कुणी विचारलंच नाही, मग हाक तरी काय मारणार?

‘‘अहो ताई!’’ तुम्ही ओरडता, आणि चाळीस बायका वळून बघतात.