वस्ताद : सनदेवाचून मिळणारी पदवी

१/ भोरजवळच्या आंबवडे गावी कान्होजी जेधे यांच्याबरोबर जिवा महाला यांचीही समाधी आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवरायांवर धावून आलेल्या सय्यद बंडाला जिवाजींनी रोखले. अशी चपळाई तालमीत घडते. ती घडवणाऱ्याला मराठी मुलूख 'वस्ताद' म्हणतो.

२/ मूळ शब्द फारसी, 'उस्ताद'. गवयांनी तो तसाच ठेवला; आखाड्याच्या मातीत त्याचा 'वस्ताद' झाला.

३/ ही पदवी सनदेने मिळत नसे, शिष्यांच्या मुखी रूढ होई. लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) यांचेच पाहा. पुण्याच्या गंज पेठेतील त्यांच्या तालमीत दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी शिकवली जाई. जोतीराव फुले व वासुदेव बळवंत फडके हे त्यांचे शिष्य.

४/ लहुजी मातंग, जोतीराव माळी, फडके ब्राह्मण. सावलीचाही विटाळ मानणाऱ्या त्या काळात तालमीतले नाते मात्र एकच होते : वस्ताद आणि शागीर्द.

५/ १९८५ पासून भारत सरकार क्रीडा प्रशिक्षकांना द्रोणाचार्यांच्या नावे गौरविते. द्रोणाचार्यांनी एकलव्याला विद्या नाकारली होती. लहुजींनी तालमीचे दार उघडे ठेवले, म्हणूनच लोक आजही त्यांना 'लहुजी वस्ताद' म्हणतात.