सरकारी अनुदान आणि आपल्या वाचनालयाचे दार

मंडळाच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदाने प्रश्न विचारला की, ‘आपल्या वाचनालयास सरकारी अनुदान का मिळत नाही?’ वेळ थोडा उरला होता व अल्पोपाहाराची व्यवस्था झालेली होती, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर देणे राहून गेले. स्मरणिकेच्या संपादकांनी आता ते काम मजकडे, वाचनालयाचा जुना कार्यवाह या नात्याने, सोपविले आहे. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे आहे. परंतु ते पटावयाचे तर मागचा इतिहास थोडाबहुत ठाऊक असणे अवश्य आहे. म्हणून प्रथम इतिहास सांगतो आणि ते वाक्य त्याच्या योग्य जागी येईल.

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा सुमारे दोनशे वर्षांची आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे व पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची. आरंभीच्या या संस्थांना इंग्रज अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन असे व कपाटांतून इंग्रजी ग्रंथांचा भरणा मोठा असे. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या हेतूने आपल्या मुलुंडच्या शेजारी, ठाणे शहरी, १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याचे एक संस्थापक होत. पुढे पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि कालांतराने त्याच्या शाखा उपनगरांपर्यंत पोहोचल्या. या संस्था मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर आणि दात्यांच्या देणगीवर उभ्या राहिल्या.

लोकांच्या वाचनासाठी राज्याने पैसा द्यावा, पण लोकांनी आपला वाटा घातल्यावाचून देऊ नये, हा विचार पद्धतशीरपणे अमलात आणला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले व १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी जी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने घालावी व तितकीच संस्थानने, असा त्यांचा नियम होता. गावाने एक रुपया काढला की वाचनालयाच्या पदरी तीन पडत. गावाने हात आखडला तर काहीच पडत नसे. आजच्या अनुदानाच्या मुळाशी हीच कल्पना आहे. पुढे १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील या प्रकारचा तो पहिलाच कायदा होय.

इकडे मुंबई इलाख्यात अनुदानाशी आणखी एक तत्त्व जोडले गेले. ते ग्रंथालयांच्या निमित्ताने आले नाही, तरी आपल्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस वापरू द्यावेत. ठराव झाला, पण बहुतेक स्थानिक संस्थांनी तो कागदावरच ठेवला. तेव्हा १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला की, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. पैसा सर्वांचा असेल तर दार सर्वांना उघडे पाहिजे, इतका सरळ हा न्याय आहे.

बाळासाहेब खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली, ग्रंथालयांच्या विकासाचा विचार करण्यासाठी आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९४० साली अहवाल दिला. पण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, महायुद्ध सुरू झाले होते व अहवाल काही वर्षे तसाच राहिला. खेर पुन्हा अधिकारावर आले आणि १९४७ साली त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ते आपल्या उपनगरातील खारचे रहिवासी होते, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटावी अशी आहे. मुंबईस मध्यवर्ती ग्रंथालय, पुणे, अहमदाबाद व धारवाड येथे विभागीय ग्रंथालये आणि त्यांच्याखाली जिल्हा, तालुका व गाव अशी ही उतरंड होती. सरकारने सर्वत्र नवी ग्रंथालये काढली नाहीत. लोकांनी चालविलेल्या जुन्या संस्थांनाच मान्यता द्यावयाची व त्यांना साहाय्य करावयाचे, असे धोरण ठरले. महाराष्ट्राने हा मार्ग पुढेही सोडला नाही. म्हणूनच आज गावोगावची बहुसंख्य वाचनालये सरकारची नसून संस्थांची आहेत व सरकार त्यांचे साहाय्यकर्ते आहे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा तीन भागांत तीन प्रकार होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई सरकारची अनुदानपद्धती होती, मराठवाड्यास हैदराबादचा १९५५ चा कायदा लागू होता आणि विदर्भात कायदाच नव्हता. ही विषमता काढून टाकण्यासाठी, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ संमत झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यान्वये ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले, सल्ल्यासाठी राज्य ग्रंथालय परिषद व जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या आणि ग्रंथालय निधी निर्माण झाला. या निधीत राज्याने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे कायद्यातच लिहिले आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मद्रास प्रांताने १९४८ साली कायदा केला तेव्हा मालमत्तेच्या करावर ग्रंथालय उपकर बसविला. घरपट्टी भरणारा प्रत्येक जण तेथे ग्रंथालयाचाही वर्गणीदार झाला. महाराष्ट्राने असा उपकर बसविला नाही. त्यामुळे आपल्याकडील अनुदान राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकावर अवलंबून राहते आणि त्यात वाढ व्हावी म्हणून ग्रंथालय संघांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागतात.

अनुदान मिळते कसे, हेही सभासदांनी जाणून घ्यावे. याविषयीचे नियम १९७० सालचे आहेत. संस्था सोसायटी नोंदणी कायद्याखाली व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असावी लागते. सभासद, ग्रंथ, दैनिके, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास व सेवकवर्ग यांवरून तिला अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. वर्गाप्रमाणे अनुदानाची कमाल मर्यादा ठरते व मान्य खर्चाचा काही हिस्सा संस्थेने स्वतः उभा करावयाचा असतो. अनुदान दोन हप्त्यांत येते. त्याचा निम्मा भाग सेवकांच्या वेतनासाठी आणि उरलेला ग्रंथ, नियतकालिके व इतर खर्चासाठी असतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, अहवाल पाठवावा लागतो आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीस येतात. याखेरीज १९७२ साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून राज्याच्या सहभागाने ग्रंथरूपाने साहाय्य मिळते, तेही संचालनालयामार्फतच.

रक्कम किती, असे कोणी विचारील. ड वर्गाच्या वाचनालयास पूर्वी वर्षाकाठी २०,००० रुपये मिळत. २०१२ साली ते ३०,००० झाले. २०२२-२३ या वर्षी अनुदानात ६० टक्के वाढ झाली, म्हणजे त्या हिशेबाने ४८,०००, महिन्यास ४,०००. यातील निम्मे सेवकाचे. मुंबईसारख्या नगरीत दोन हजार रुपयांत महिनाभर ग्रंथपाल कोठून मिळणार, हा प्रश्न रास्तच आहे. अनुदानाने कोणी गबर होत नाही. ते वाचनालयास जिवंत ठेवते, इतकेच.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. अंधेरी ते जोगेश्वरी व घाटकोपर ते भांडुप हा भाग १९५० साली मुंबई महापालिकेत आला. बोरिवली, दहिसर व मुलुंड १९५७ साली. १९९० साली मुंबई उपनगर हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. चाळी वाढल्या, तसे नोकरदार कुटुंबांस वाचनालय ही शाळेइतकीच निकडीची वस्तू वाटू लागली. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाने १९२३ पासून जे काम केले आणि मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाने न. चिं. केळकर यांच्या नावाचे जे ग्रंथालय चालविले, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरोघर पुस्तके पोहोचवीत आले. तेथे पुस्तक देताना आपणास कोणी ज्ञात विचारली नाही.

आपले वाचनालयही अशाच निकडीतून, मुलुंडला मंडळाच्या खोलीत, दोन लाकडी कपाटांनी सुरू झाले. ज्या वडीलधाऱ्यांनी ते काढले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. कोणी बोनसमधून पैसे दिले, कोणी आपल्या संग्रहातील कादंबऱ्या दिल्या. परंतु नियमावलीत त्यांनी एक कलम घातले की, ‘वाचनालयाचा लाभ ज्ञातीतील कुटुंबांपुरता राहील.’ त्या काळी त्यात कोणास वावगे वाटले नाही.

१९९४ साली मी मान्यतेच्या अर्जाचा मसुदा केला. जातिधर्माचा भेद न करता वाचनालय सर्वांस खुले असले पाहिजे, ही मान्यतेची अट वाचली आणि ते कलम आडवे आले. कार्यकारिणीत चर्चा झाली. विरोध करणारे दुष्ट नव्हते. ‘आपल्या मुलांसाठी म्हणून दिलेली देणगी इतरांसाठी कशी वापरावी?’ असे एक वयोवृद्ध सद्गृहस्थ म्हणाले. दुसऱ्यांस पुस्तके परत न येण्याची भीती वाटली. निर्णय ‘पुढील सभेत विचार करावा’ असा झाला आणि पुढील सभेतही तसाच. भांडण नको म्हणून मीही स्वस्थ बसलो. हा दोष माझाही आहे. अशी अठरा वर्षे गेली.

२०१२ साली सरकारने महसूल खात्याकडून राज्यातील बारा हजारांहून अधिक मान्य ग्रंथालयांची एकदम पडताळणी करविली. अनेक ठिकाणी नोंदवहीत सभासद होते पण प्रत्यक्षात वाचक नव्हते, कोठे तर ग्रंथालयच नव्हते. त्यानंतर नव्या मान्यता कित्येक वर्षे थांबल्या. आपण दाराचा वाद घालीत होतो तोवर तिकडचे दार लागले.

ती वृत्ते वाचताना मला आमच्याच नोंदवहीतील एक ओळ आठवली. शेजारच्या चाळीतील एक मुलगी शाळेच्या निबंधासाठी पुस्तक मागावयास आली होती. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. मी तिला विन्मुख पाठविले नाही. पण देवघेवीच्या वहीत तिच्या नावाऐवजी माझे नाव लिहिले. पुढे ती दर शनिवारी येई व मी दर शनिवारी खोटी नोंद करी. अन्यत्र नोंदीत माणसे होती आणि वाचक नव्हते. आमच्याकडे वाचक होता आणि नोंदीत त्याला जागा नव्हती. उभा जन्म मुलांना खरे लिहावयास शिकविण्यात गेलेल्या माणसाला ती ओळ अजून बोचते.

तेव्हा त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर असे: आपले वाचनालय सार्वजनिक नाही, म्हणून त्यास सार्वजनिक पैसा मिळत नाही. यात सरकारचा अन्याय नाही.

माझी विनंती अशी आहे की, येत्या सभेत ते कलम गाळण्याचा ठराव यावा व त्या बदलाची धर्मादाय कार्यालयाकडे रीतसर नोंद व्हावी. त्यासाठी अनुदानाची वाट पाहू नये. ते केव्हा व किती मिळेल हे आपल्या हाती नाही. दार आपल्या हाती आहे. वडीलधाऱ्यांच्या देणगीचा यात अवमान होत नाही. आज आपली मुले शिकून सवरून दूर गेली, संध्याकाळी वाचनालयात दोनचार वृद्धांखेरीज कोणी नसते आणि ज्या पुस्तकांसाठी त्यांनी पोटास चिमटा घेतला ती न उघडता पिवळी पडत आहेत. ती कोणाच्या तरी हाती पडावीत हाच त्यांच्या देणगीचा खरा मान आहे.

ठराव संमत झाल्यास देवघेवीची नवी वही मी आणून देईन. तिच्या पहिल्या पानावर जो कोणी येईल त्याचे स्वतःचे नाव लिहावे, एवढीच माझी इच्छा आहे.