कुंडीखालचे पाहुणे

अंगणांतली ओलसर कुंडी उचलली कीं राखी रंगाचे, चौदा पायांचे चिमुकले जीव लगबगीनें अंधार शोधूं लागतात. कांहीं तर हात लागतांच गोळी होऊन बसतात. आपण त्यांना किडे म्हणतों. वस्तुतः ते खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद, पाणी सोडून जमिनीवर आलेले. ओल आटली कीं त्यांचा श्वास कोंडतो. मादी पिलेंहि पोटाखालच्या ओल्या पिशवींतच वाढवते.

जगांत यांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. डेन्मार्कच्या बुड्डे-लुंड यांनीं १८८५ सालीं त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढें कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील नमुने इंग्लंडांत कॉलिंज यांनीं तपासले आणि १९१४ पासून त्यांचीं वर्णनें त्या संग्रहालयाच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं. आपल्या मातींतल्या जीवांचें बारसें असें परमुलुखांत झालें!

मौज अशी, कीं बागेंत सहज भेटणाऱ्या कांहीं जाती झाडांच्या मुळांशीं असलेल्या मातीबरोबर जहाजांतून जगभर पसरलेल्या आहेत. अस्सल रानवासी जाती मात्र ओल्या पाचोळ्याला चिकटून असतात. कित्येकींचा मुलूख फार लहान. तेवढें रान तुटलें, कीं नांव मिळण्यापूर्वींच एखादी जात नाहींशी व्हावयाची. कुंडीखालचा पाहुणा कोठेंहि तगेल. रानांतल्या घरधन्याला दुसरें घर नाहीं.