पोटातल्या गाठीची ओळख

कृष्णाकाठचा पोटात गाठ असलेला रोगी पूर्वी मिरजेची वाट धरी. तिथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा अशा गाठीवर इलाज एकच होता: पोट उघडून ती काढणे. योगायोग असा, की आजच्या उपचाराचा पाया त्याच सुमारास युरोपात घातला जात होता. १८९३ मध्ये स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी आतड्याच्या भिंतीतल्या, मज्जातंतूंच्या जाळ्यालगतच्या पेशींचे वर्णन केले. त्याच वर्षी जर्मनीत फर्डिनांड ब्लुम यांना फॉर्मालिनने ऊतक टिकते असे आढळले. काहालांच्या पेशी आतड्याची लय सांभाळतात, हे कळायला मात्र पुढची कित्येक दशके जावी लागली.

तोवर जठर-आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या या गाठींना स्नायूच्या गाठी समजले जाई, कारण सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी दिसत. १९८३ मध्ये मेझर आणि क्लार्क यांनी त्यावर शंका घेऊन 'स्ट्रोमल ट्यूमर' हे नाव सुचवले. खरा कलाटणीचा क्षण १९९८ चा. जपानमध्ये हिरोता, कितामुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यातल्या बहुतेक गाठींत 'किट' हे जनुक बिघडून पेशीला वाढीचा आदेश सतत देत राहते, आणि गाठीचे मूळ काहालांच्या त्या पेशींशीच जुळते. आता आपण मार्च २००० मधल्या हेलसिंकीला येऊ. नेहमीची केमोथेरपी या रोगावर क्वचितच लागू पडे. तिथल्या एका रुग्णेला रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालेली, पण किटलाही रोखणारी इमॅटिनिबची गोळी दिली गेली आणि काही आठवड्यांत गाठी आक्रसल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी औषधाला मान्यता मिळाली. एवढ्यावर भागले नाही. २००३ मध्ये काही गाठींत पीडीजीएफआरए हे दुसरे जनुक बिघडलेले सापडले. बदल किटच्या ११ व्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या खंडात, असेल तर रोज ४०० मिलिग्रॅम सहसा पुरते, ९ व्यात असेल तर ८०० चा विचार होतो, आणि पीडीजीएफआरएमधला डी८४२व्ही हा बदल इमॅटिनिबला दादच देत नाही. त्यासाठी अ‍ॅव्हाप्रिटिनिब यायला २०२० उजाडले.

औषध सापडणे आणि ते सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला परवडणे यांत मोठे अंतर होते. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जाई. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पेटंटविरुद्ध लढली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयातील न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचा दावा फेटाळला. भारतीय कंपन्यांची गोळी त्यामुळे टिकली. माझ्या मते या रोगाच्या इतिहासात हा निकाल १९९८ च्या शोधाइतकाच मोलाचा आहे.

जनुकाची तपासणी आजही फॉर्मालिनमध्ये टिकवलेल्या, मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, म्हणजे 'ब्लॉक'वर, सहसा होते. म्हणून मिरजेत असो की कऱ्हाडात, शस्त्रक्रियेनंतर बायोप्सीचा ब्लॉक जपून ठेवायला सांगा, आणि गोळी सुरू होण्याआधी बदल कोणत्या जनुकात, कोणत्या एक्झॉनमध्ये आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा.