आधी पाण्याचा हिशेब, मग विकासाचा आराखडा

आज गावाच्या विकास आराखड्याबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करू या. घरात सत्तरीच्या पुढची आजी असेल तर तिला विचारा. खडी फोडण्याचं काम, लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, सगळं तिला आठवत असेल. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात बायका किती होत्या हे जुने फोटो पाहिले तरी कळतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

त्या कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. पाणी अडलं, जमिनीत मुरलं. पण ते वर कुणी काढलं? तलावाखाली ज्याची विहीर आणि विहिरीवर ज्याचं इंजिन, त्यानं. बांधावर माती वाहणारीला मजुरी मिळाली, आणि तिच्या बांधाचं पाणी दुसऱ्याच्या उसाला गेलं. वैशाखात ती पुन्हा घागर घेऊन रानोमाळ. आम्हाला वाटतं, आपल्याकडच्या विकासाची खरी गाठ इथंच बसली आहे. काय बांधायचं हे ठरतं, आणि कुणाला किती मिळणार हा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न पुरंदर तालुक्यात एका माणसानं धरून ठेवला. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनियर, कारखानदार. दुष्काळात ते पुरंदरला आले आणि कामांवरची माणसं पाहून अस्वस्थ झाले. नायगावला देवस्थानची ४० एकर माळरान जमीन त्यांनी ५० वर्षांच्या करारानं घेतली. पत्नी कल्पनाताईही सोबत होत्या. माळावर बांध घातले, पावसाचं पाणी अडवलं, आणि हे पाणी किती माणसांना पुरेल याचा हिशेब मांडला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम आज ऐकतानाही नवे वाटतात. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर वाटा. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः भरायचा. (आपल्या गटाच्या बैठकीत पाच रुपयांवरून किती वाद होतो ते आठवा, म्हणजे हे नियम पाळायला लावणं किती अवघड असेल ते कळेल.) काही योजना पुढे बंदही पडल्या. विलासराव २००२ साली गेले. पण पाणी सगळ्यांचं आहे आणि ते मोजून वाटता येतं, हे त्यांनी करून दाखवलं होतं.

उसावर एवढा राग का, असं कुणी विचारेल. चला, अंगणात बसून करता येईल असा हिशेब करू. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी ४० लाख लिटर, आणि त्यातलं बरंचसं वाहून जातं, उडून जातं. आता उसाला पाऊस धरून साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. आणि १,५०० वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर. म्हणजे चार एकर ऊस जेवढं पाणी पितो, तेवढ्यात अख्ख्या गावाचं वर्ष निघतं. हा हिशेब ढोबळ आहे, पण गावकारभाऱ्यांनी तोही कधी मांडला नसेल तर आपण मांडू.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तो मांडला. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं बिनविरोध सरपंच झाले. पाऊस बेताचा, माणसं काम शोधत बाहेर पडलेली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, हे दरवर्षी मोजून ग्रामसभेपुढे मांडतात. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यावर पिकं ठरवतात. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. घरच्या पिठाच्या डब्यात हात घालून आपण महिन्याचा अंदाज घेतो ना, तसंच हे.

कायदेही यामागून आले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला १९९३ च्या भूजल कायद्यानं बंधन घातलं. २००९ च्या कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली. पण आमच्या भागात बोअरच्या गाड्या रात्री येतात आणि सकाळी निघून जातात. कायद्याला गावात कुणीतरी विचारणारं लागतं.

ती विचारणारी आपण होऊ शकतो. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आल्या. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं ग्रामपंचायत कायदाच सांगतो. कित्येक गावांत ती फक्त रजिस्टरात होते, सह्या घरी येतात. चौदाव्या वित्त आयोगापासून गावानं स्वतः आराखडा करायचा आहे, आणि पंधराव्या आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. तरी आम्ही पाहिलेल्या आराखड्यांत पेव्हर ब्लॉक आणि कमानी भरपूर होत्या, पाण्याचा ताळेबंद एकातही नव्हता.

तेव्हा येत्या महिला सभेला सह्यांचं रजिस्टर घरी आलं तर परत पाठवा आणि सभेला जा. यंदा पाऊस किती मिलिमीटर झाला, पिण्याच्या विहिरीजवळ नव्या विहिरी किती झाल्या, पिण्यापुरतं पाणी बाजूला काढल्यावर काय उरतं, हे तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचायला लावा. पाऊस मोजायला शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक पुरतो. रोजची नोंद आठवीच्या मुलीही ठेवतील.