नागासाकीचं तांबं आणि आपला पैसा

डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून ऐकत असाल तर हँडल नीट धरा, आज लांब जायचंय. थेट जपानला. पण निघायचं कल्याणहून.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्यानं कल्याण बंदराचा उल्लेख केलाय. इथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं, असं तो सांगतो. हजारेक वर्षांनी मात्र पश्चिम किनाऱ्यावर तांबं बाहेरून येत होतं. हंडा-कळशी तांब्याची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाजारातला पैसा तांब्याचा. सोन्याचा होन किंवा चांदीचा रुपया गरिबाच्या हातात कितीदा यायचा? त्याची मीठ-मिरची तांब्याच्या नाण्यावरच चालायची. तांबं इतकं महागलं की मुघलांचा सुमारे 20 ग्रॅमचा दाम औरंगजेबाच्या काळात 14 ग्रॅमच्या आसपास आला. नाव तेच, वजन एक तृतीयांशानं कमी. बिस्किटाच्या पुड्यासारखंच!

इथं एन्ट्री होते वलंदेजांची. वलंदेज म्हणजे डच, आपल्या जुन्या कागदांतला शब्द. त्यांची वखार 1616 पासून सुरतेला होती, 1637 मध्ये वेंगुर्ल्यालाही झाली. त्या वेंगुर्ल्याच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्या काळात ठाणं फिरंग्यांकडे, म्हणजे पोर्तुगीजांकडे होतं. याच पोर्तुगीजांना जपाननं 1639 मध्ये धर्मप्रसाराच्या रागातून हाकलून दिलं. (आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया तर त्याआधीच, 1597 मध्ये, नागासाकीला क्रुसावर मारला गेला होता.) उरले डच. त्यांना 1641 मध्ये नागासाकीच्या देजिमा या बेटावर हलवलं. बेट कसलं, समुद्रात भर घालून केलेला पंख्याच्या आकाराचा तुकडा. गावात जायला एकच पूल आणि त्यावर पहारा.

एवढा अपमान का सोसायचा? धातूसाठी. आधी चांदी मिळायची. 1668 मध्ये जपाननं डचांना चांदी नेणं बंद केलं, मग सगळा भर तांब्यावर आला. ओसाकामध्ये तांबं शुद्ध करून बोटभर जाडीच्या कांड्या ओतायचे. ओतकाम गरम पाण्यात, म्हणून कांडीवर छान लाल चकाकी यायची. साधारण 60 किलोची एक लाकडी पेटी. 1690 मध्ये देजिमाला आलेल्या केंफर नावाच्या कंपनीच्या डॉक्टरनं या कांड्या आणि पेट्यांबद्दल लिहून ठेवलंय.

मला यातली खरी गंमत पुढे वाटते. हे तांबं बरंचसं हॉलंडला जातच नव्हतं! ते बंगालला, कोरोमंडलला, सुरतेला विकलं जायचं. त्या पैशातून इथलं कापड घ्यायचं, ते मसाल्याच्या बेटांवर द्यायचं, मिरी-लवंग युरोपला न्यायची. युरोपातून आणायची चांदी तेवढीच वाचली. आशियाचा माल आशियालाच विकून नफा वलंदेजांचा. डोकं होतं, मान्य करायलाच हवं.

आता शिवराईबद्दल. 1674 च्या राज्याभिषेकानंतरचं ते तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. 'शिवराई जपानी तांब्याची' असा फॉरवर्ड कृपया करू नका. सुरतेच्या बाजारात अनेक ठिकाणचं तांबं यायचं आणि वितळल्यावर सगळं एकच. पण त्या बाजारातला भाव ज्या मालावर हलायचा, त्यात जपानी कांड्या मोठ्या होत्या.

आणि आमच्या भाषेत सांगायचं तर हा 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' होता: एक बंदर, एक सरकार. सरकारचा सल्लागार अराई हाकुसेकी हिशेब करत बसला होता, किती धातू देशाबाहेर गेला. त्याचं म्हणणं, धातू म्हणजे जमिनीची हाडं. केस कापले तर वाढतात, हाडं वाढत नाहीत. 1715 मध्ये नियम आला: डचांना वर्षाला दोनच जहाजं आणि तांबं जास्तीत जास्त 15 लाख कॅटी, म्हणजे साधारण 900 टन. खाणी खोल गेल्या, पाणी भरू लागलं, तशी पुढे ही मर्यादाही घटली.

भारतातली मागणी काही घटली नाही. ती जागा घ्यायला अठराव्या शतकात इंग्रज कंपनी आपल्या देशातलं तांबं जहाजात भरून निघाली.