नकाशावरचे आमचे भाट

पर्वरी हे शहर की गाव? कचेरीत कोणी नवा माणूस बदली होऊन आला की मी हा प्रश्न गमतीने विचारतो. २००० मध्ये विधानसभा मांडवी ओलांडून इथल्या पठारावर आली. सचिवालय आहे, न्यायालय आहे, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आहेत, दुकाने आहेत. नाही ती फक्त नगरपालिका. पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद या पंचायतीच अजून कारभार बघतात. पणजीला जागा पुरेना म्हणून नदीच्या पलीकडे माणसे सरकली आणि बघता बघता पठार भरले. त्यामागची आमची गावेही आता त्याच वाटेवर आहेत.

गावात घरे किती व्हावीत, कुठपर्यंत व्हावीत, हे गोव्यात कोण ठरवते? कागदावर उत्तर सोपे आहे. १९७४ चा नगर व ग्रामरचना कायदा आणि त्याखाली होणारा प्रादेशिक आराखडा. पहिला आराखडा १९८६ मध्ये अधिसूचित झाला. तो २००१ सालापर्यंतचा होता. सगळ्या गोव्याला रंग दिलेले. वस्तीला एक, बागायतीला एक, शेतीला आणखी एक. ज्या रंगात तुमची जमीन, तेवढेच तुम्हाला करता येणार. सामान्य माणसाने हा नकाशा कधी पाहिला नव्हता. त्याला 'झोन' हा शब्द कळायचा तो घर बांधायला निघाल्यावर, तलाठ्याच्या आणि नगरनियोजन कार्यालयाच्या पायऱ्या चढताना.

२०११ सालासाठीचा पुढचा आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये आला आणि लोकांनी नकाशे शोधून काढले. डोंगरउतारावर, बागायतीत, रानात वस्तीचा रंग पसरलेला. त्या डिसेंबरात गोवा बचाव अभियानाच्या हाकेने पणजीच्या आझाद मैदानावर माणसे जमली. डॉक्टर, वास्तुविशारद, पाद्री, कलाकार आणि कधी मोर्चात न गेलेली माणसेही. मी सरकारी नोकर, मैदानाच्या कडेला उभा राहून पाहत होतो. जानेवारी २००७ मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या सरकारने तो आराखडा मागे घेतला. राज्यभराचा अधिसूचित आराखडा लोकांच्या रेट्याने रद्द होणे ही साधी गोष्ट नव्हे.

माझ्या मते खरा इतिहास त्यानंतर घडला, आणि त्याविषयी कमी बोलले जाते. २०२१ सालासाठी नवा आराखडा करायला कृतिदल नेमले गेले. त्यात चार्ल्स कुरैया होते, नवी मुंबईच्या आखणीत वाटा असलेले आणि आपली कला अकादमी बांधणारे. एडगर रिबेरो होते. २००८ मध्ये मसुदा तयार झाला आणि तो गावागावांत पाठवला गेला. सर्व्हे नंबर दाखवणारे नकाशे पंचायतीत आले.

आमच्या गावची ती ग्रामसभा मला अजून आठवते. शाळेच्या हॉलमध्ये दोन बाके जोडून नकाशा पसरला होता. एरवी गटार आणि पथदीप यांवर भांडणारी माणसे वाकून आपापला वाडा शोधत होती. तळी कुठे दाखवलीच नव्हती, एक पायवाट रस्ता म्हणून आली होती. म्हातारे सांगत होते, एक शिक्षक पेन्सिलीने खुणा करत होते. खाजन, भातशेती, रान, पाण्याच्या जागा यांना पहिल्या पर्यावरण विभागात टाकले होते, तिथे बांधकाम नाही. बागायती दुसऱ्या विभागात. वस्तीतही मर्यादा होती. गावांचे दोन वर्ग करून एकाला ८० आणि दुसऱ्याला ६० एफएआर. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या जागेत सगळे मजले मिळून ऐंशी किंवा साठ मीटरच बांधायचे. आमच्या सभेने साठच मागितला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

मागच्या रांगेतून एक मुंडकार बाई उठल्या. म्हणाल्या, "तुमची घरे झाली म्हणून तुम्ही हद्द आखता. माझ्या दोन मुलांनी कुठे राहायचे?" सरपंचांनी 'नोंद घेतली' म्हटले आणि विषय पुढे गेला. नोंद खरेच घेतली गेली की नाही, मी तपासले नाही. इतिवृत्ते लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तपासायला हवे होते.

त्याच सभेत आमचे डोंगरकुशीचे भाट बागायत म्हणूनच राहू दे, असे मी स्वतः उठून सांगितले. काजू, दोन फणस, थोडी आंब्याची झाडे. तेव्हा माझे लग्न व्हायचे होते, धाकटा भाऊ कॉलेजात होता.

आराखडा २०११ मध्ये अंतिम झाला. ग्रामसभांनी सांगितले एक आणि छापले दुसरे, अशी ओरड तेव्हाही झालीच. २०१२ मध्ये नव्या सरकारने तो स्थगित ठेवला. २०१८ मध्ये तो पुन्हा वापरात आला, पण त्याच वर्षी कायद्यात १६-बी कलम घुसले. जमीनमालकाने अर्ज करावा, आपल्या तुकड्याचा रंग बदलून घ्यावा. पुढे २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-ए. १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. गावाने मिळून आखलेली रेघ एकेकट्या अर्जाने पुसायची, ही या सगळ्या कलमांची रीत. मला राग येतो तो याचा.

आणि ही बांधकामे माणसे वाढली म्हणून होतात म्हणावे, तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या साडेतेरा लाखांवरून साडेचौदा लाखांच्या थोडी वर गेली, एवढेच. त्याच जनगणनेत पाचातले एकाहून जास्त घर रिकामे होते. आमच्या गावात संध्याकाळी फिरायला निघालो की नव्या इमारतींत दिवे मोजून लागलेले दिसतात.

भावाला आता दोन मुले आहेत. तो पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. भाटातला त्याचा वाटा सहाशे मीटरचा. बागायतीत फार्महाऊस बांधायचे तर किमान चार हजार मीटर लागतात. गेल्या चतुर्थीला आरती झाल्यावर तो मला म्हणाला, "दादा, त्या सभेत बोलायला तुला कोणी सांगितले होते?" वहिनीने विषय बदलला. मी काही बोललो नाही.

एका दलालाने त्याला सांगितले आहे की अर्ज केला तर रंग बदलून मिळेल, खर्च येईल. शेजारच्या मोठ्या भाटाचे तसे झालेही आहे, तिथे आता पत्र्याचे कुंपण आहे. भावाने अर्जाचा नमुना माझ्याकडे ठेवला आहे. सरकारी भाषा मला येते, मीच भरून द्यावा, असे त्याचे म्हणणे. तो कागद कपाटात २००८ च्या नकाशाच्या झेरॉक्सवर पडून आहे. अजून भरलेला नाही.